वस्तऱ्याच्या धारेसाठी दगड: पिवळा बेल्जियन की १०००-४०००-८०००?

वस्तरा हाती आलाय, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा हात बसलाय, आणि आता धारही घरीच लावू असं मनाने घेतलंय, अशांसाठी हे लिहितोय. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायची, धार पुढे ठेवून ढकलायचं, जोर लावायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच की दगड कुठला: बेल्जियमचा पिवळा नैसर्गिक दगड, की १०००-४०००-८००० असे आकडे असलेले कृत्रिम दगड (आकडा जितका मोठा तितका कण बारीक). मी दोन्ही घेतले, आणि उलट्या क्रमाने घेतले असं आता वाटतं.

आधी एक अडचण सांगतो. विचारायला कोणी उरलेलं नाही. सलूनमध्ये सगळीकडे अर्ध्या ब्लेडचा उस्तरा आला; ब्लेड बदललं की काम झालं. आमच्याकडे लहानपणी घरी येणाऱ्या न्हावीकाकांच्या धोपटीत एक काळा निसणा असायचा, मधे पार खोलगट झालेला. त्यावर पाण्याचे दोन थेंब, पाच-सहा फेरे, मग तळहातावर उलटसुलट, की आजोबांच्या गालावर काम सुरू. आज मी तीन सलूनवाल्यांना विचारलं. तिघांनीही माझा जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा कौतुकाने उघडून पाहिला आणि तसाच मिटून परत दिला. म्हणजे शिकवणार कोण, तर दगडच.

मी आधी कोटिक्यूल घेतला. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ भागात, व्हिएल्साल्म आणि लिएर्न्यूच्या आसपास निघणारा हा फिकट पिवळा दगड. त्यात गार्नेटचे कण ठासून भरलेले असतात, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे. जपानी मापात ८००० च्या दगडाचा कण जेमतेम १.२ मायक्रॉनचा असतो, म्हणजे आकड्यांनी बघायला गेलं तर कोटिक्यूल चांगलाच भरड. पण गार्नेटचे कण बारा पैलूंचे, गोलसर. ते स्टीलमध्ये खोल रुतत नाहीत. त्यामुळे कण मोठा असूनही धार कातडीला मऊ लागते. हे वाचलं आणि मी भाळलो. शिवाय एकाच दगडावर सगळं होतं म्हणे. छोट्या तुकड्याने वर घासलं की ताकासारखं दाट पाणी सुटतं, ते झपाट्याने स्टील खातं. मग थेंब थेंब पाणी घालून ते पातळ करत न्यायचं, आणि शेवटी निव्वळ पाण्यावर धार घोटायची. तीन दगडांचा पसारा नको, तासभर भिजत ठेवणं नको, सपाट करायची कटकटही वर्षा-दोन वर्षांतून एकदा.

सगळं खरं आहे. पण मला चार महिने त्यावर दाढी करण्याजोगी धार आली नाही.

धार लागायची, लागायची नाही असं नाही. हातावरचे केस जायचे. गालावर पहिले चार फटकारे बरे वाटायचे. हनुवटीशी आलं की ओढल्यासारखं व्हायचं. मग पुढच्या रविवारी पुन्हा ताक. कधी वाटायचं पाणी लवकर वाढवलं, कधी वाटायचं उशिरा. पुण्यात एप्रिलमध्ये वीस फेरे मारेपर्यंत दगडावरचं पाणी निम्मं उडून जातं, म्हणजे मी एक थेंब टाकून पातळ करतोय आणि पंखा ते पुन्हा दाट करतोय. पावसाळ्यात उलटा हिशोब. त्यात हे दाट पाणी स्वतःच धार थोडी मारतं, कारण पातं पुढे सरकताना मोकळे कण थेट धारेवर येऊन आदळतात. म्हणून एका टप्प्यापलीकडे कितीही फेरे मारा, धार तिथेच. ही कोंडी पातळ करत करतच फोडायची असते, आणि किती पातळ, कधी पातळ, हे दगडागणिक बदलतं. दगड नैसर्गिक, प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा. दुसऱ्याने त्याच्या दगडावर बसवलेलं गणित माझ्या दगडावर उतरेलच असं नाही.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने केला ती हीच. धार का येत नाही ते दगड सांगत नव्हता. सगळे टप्पे एकाच पृष्ठभागावर, एकमेकांत मिसळलेले. मी नापास होत होतो, पण कोणत्या विषयात ते कळत नव्हतं.

मग १००० चा एक आणि ४०००/८००० चा दुहेरी असे कृत्रिम दगड आणले. नॉर्टन, नानिवा, शॅप्टन, किंग, यांतलं काय घ्यावं यावर माझं फार ठाम मत नाही. कोणता भिजवायचा आणि कोणावर नुसतं पाणी शिंपडायचं एवढं मात्र नीट वाचून घ्या. माझ्या समजुतीप्रमाणे शिकणाऱ्याला त्यांच्यातला फरक जाणवणार नाही. जाणवतो तो हा, की १००० चं काम एकच असतं: टाचेपासून (म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत बेव्हल, म्हणजे धारेशी येऊन मिळणारे दोन्ही बाजूंचे उतार, बसवणं. मनगटावरचे केस कातडीला लागून, पात्याच्या प्रत्येक भागाने, सहज तुटले पाहिजेत. तुटले नाहीत तर पुढे जायचंच नाही. पास किंवा नापास.

माझा वस्तरा तिथेच अडकला. टाचेकडच्या दोनेक सेंटीमीटरला केस तुटेचनात. धारेला काळा मार्कर फासला, एक फेरा मारला आणि सराफी भिंगातून पाहिलं. बाकी लांबीभर शाई गेलेली, टाचेकडे मात्र जशीच्या तशी. पुन्हा फासलं, पुन्हा तेच. मग वस्तरा दगडावर ठेवून खिडकीच्या उजेडासमोर धरला तेव्हा दिसलं: पात्याचा शेपटीकडचा जाड भाग दगडाच्या कडेवर चढत होता आणि तिथली धार केसभर उचलली जात होती. उजेडाची एक बारीक फट. जाड भाग दगडाबाहेर ठेवून, पातं किंचित तिरकं धरून सरकवलं, आणि पाऊण तासात टाचसुद्धा केस तोडू लागली.

म्हणजे कोटिक्यूल निर्दोष होता. चार महिने मी पाण्याला शिव्या घातल्या आणि धार तिथे दगडाला टेकतच नव्हती. मार्कर कोटिक्यूलवरही चालतो की, असं तुम्ही म्हणाल. चालतो. पण मला तो लावायचं सुचलंच नाही, कारण चूक पाण्यात आहे याची मला खात्रीच पटलेली होती. १००० वर दोष द्यायला दुसरं काही नसतं.

कृत्रिम दगडांची कटकट आहे, ती लपवत नाही. ते झिजतात, मधे खोल होतात, आणि न्हावीकाकांना ते चालायचं पण आपल्याला चालत नाही. त्यांच्या हाताला त्या खोलगटपणाचा अंदाज होता, आपल्याला सपाटीच हवी. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेल्या सपाट पट्टीवर) पाण्यात घासायचं, सगळ्या रेघा पुसल्या की सपाट. नवा दगडसुद्धा एकदा असाच करून घ्यावा. बेसिनभर राखाडी चिखल होतो. १००० वरून ४००० वर जाताना पातं, हात, टेबल सगळं धुवायचं. भरड कण पुढे गेला तर ८००० वर बसून एकच ओरखडा मारत राहतो. डायमंड प्लेट धरली तर माझा तरी खर्च एका चांगल्या कोटिक्यूलच्या आसपासच गेला. पण ही कटकट समोर दिसणारी आहे. ती आवरता येते.

दाढीतला फरक? माझं मोजमाप तुरटी. ८००० वरून थेट उतरलेली धार केस झटकन उडवते, पण नंतर तुरटी फिरवली की गळ्याशी चांगलीच चुणचुणते. कोटिक्यूलच्या धारेनंतर तुरटी लावल्याचं जेमतेम कळतं. हा माझ्या कातडीचा अनुभव. राठ दाढीवाल्या एका मित्राला नेमकं उलटं वाटतं. १२००० चा दगड घेतला तर ही चुणचुण कमी होते असं सांगतात, आणि मला ते पटतंही, पण पहिल्या वर्षात त्याची गरज पडू नये.

तुमचा वस्तरा जाणकाराकडून धार लावून आलेला असेल आणि फक्त ती टिकवायची असेल, तर वरचं सगळं विसरून सरळ कोटिक्यूल घ्या, सुखात राहाल. जुन्या बाजारातून उचललेला, पाठीमागचा इतिहास माहीत नसलेला वस्तरा असेल, तर मात्र मी आधी १००० कडे बोट दाखवीन, मग ४०००/८०००, आणि सोबत एक दहा रुपयांचा मार्कर.

कोटिक्यूल मी विकलेला नाही. महिना-दीड महिन्याने धार जरा मंदावली की नळाच्या पाण्यावर तीसेक हलके फेरे, पट्टा, आणि दाढी. ताक करणं तेवढं सोडलंय.