उन्हाळी साहस शिबिर: सह्याद्री, सर पास की उत्तरकाशी?

दहा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना सुट्टीत डोंगरात पाठवायचं म्हटलं, की महाराष्ट्रातल्या पालकांसमोर ढोबळमानाने चार पर्याय येतात. मुळशी, लोणावळा, कर्जत भागातलं रिसॉर्टवजा शिबिर. एखाद्या गिर्यारोहण क्लबचं सह्याद्रीतलं तंबूतलं शिबिर. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचा हिमालयातला ट्रेक, बहुतेकदा हिमाचलातल्या कसोलहून सर पास ही खिंड. आणि उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचा कोर्स.

जाहिराती चारही सारख्याच दिसतात, फोटोत तेच हेल्मेट आणि तीच दोरी. म्हणून फोटो बाजूला ठेवून एकच विचारावं: दिवसभरात मूल स्वतःच्या हाताने काय करणार आहे? तंबू कोण उभारणार, पाणी कोण आणणार, भात कोण शिजवणार? पर्यायांमधला खरा फरक इथे कळतो आणि उंचीशी त्याचा फारसा संबंध नसतो.

रिसॉर्टवजा शिबिर

झोपायला डॉर्मिटरी, जेवायला बुफे, मध्ये झिपलाइन, बर्मा ब्रिज (दोरांचा झुलता पूल) आणि रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं. मजा येते, त्यात वाईट काही नाही. पण रॅपलिंगचा हिशेब करून बघा. हार्नेस (कमरेभोवतीचे सुरक्षापट्टे) चढवणं, गाठ तपासणं, उतरणं, सुटणं, यात एका मुलाची आठ मिनिटं सहज जातात. चाळीस मुलं आणि एकच दोर असेल तर 320 मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. त्यामुळे प्रत्येकाला एकच फेरी मिळते आणि उरलेला वेळ रांगेत जातो. दोर स्वतः अडकवायला कोणी सांगत नाही, सांगायला वेळच नसतो.

आठ-नऊ वर्षांचं मूल पहिल्यांदाच घराबाहेर दोन रात्री राहणार असेल तर हे ठीक आहे. बारा वर्षांच्या पुढच्या मुलासाठी इथे पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्लबचं सह्याद्रीतलं शिबिर

चार-पाच मुक्काम, पंधरा ते पंचवीस मुलं, आठ-आठांचे गट. दहा ते चौदा वयाला याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. मात्र शिबिर चांगलं असेल तरच.

चांगल्या शिबिरात पहिल्या दुपारी मुलांच्या हातात तंबूची पिशवी देतात आणि प्रशिक्षक दोन पावलं मागे उभा राहतो. कातळावर किंवा टणक मुरुमात मेख आत जातच नाही. मुलं दगडाने ठोकतात आणि मेख वाकते. मग डोक्याएवढा धोंडा शोधून ताणदोरी त्याला बांधायची, दोरी जमिनीशी साधारण 45 अंशात राहील असं बघायचं, दार वारा येतो त्याच्या उलट बाजूला ठेवायचं. हे का, ते मे महिन्यातला वळीव संध्याकाळी चारच्या सुमारास नीट समजावून सांगतो. विजा कडाडत असतील तर तंबूत बसायचं नाही आणि एकट्या झाडाखालीही थांबायचं नाही, पक्क्या घरात किंवा गाडीत जायचं, हे त्याआधीच सांगितलेलं असायला हवं.

स्वयंपाकाचंही तसंच. आठ जणांच्या खिचडीला 800 ग्रॅम तांदूळ, 300 ग्रॅम मूगडाळ आणि साडेतीन लिटरच्या आसपास पाणी. पहिल्या रात्री ती हमखास खाली लागते, कारण पातळ बुडाच्या पातेल्याखाली आच मोठी असते आणि ढवळायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या रात्री तोच गट आच कमी करतो. तिथे स्वयंपाकी ठेवलेला असेल तर हा धडा बुडाला.

‘कॅम्पफायर’ या शब्दावर मात्र थांबा. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा राज्यात वणव्याचा हंगाम आणि वनजमिनीवर आग पेटवणं हा गुन्हा. खाजगी जागेवर, दहा फुटांचं वर्तुळ पालापाचोळा काढून साफ करून, शेजारी पाण्याच्या बादल्या ठेवून चूल मांडणारे आयोजक वेगळे आणि रानातच ढीग पेटवून गाणी म्हणायला लावणारे वेगळे. पहिल्यांकडे मूल शेकोटी विझवायलाही शिकतं: पाणी ओतायचं, राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचं आणि हाताला गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही.

सह्याद्रीतला उन्हाळा हीच या पर्यायाची कमकुवत बाजू. मेमध्ये गडावरची बरीच टाकी आटलेली किंवा हिरवी असतात. चालणं सकाळी दहाच्या आत संपायला हवं आणि प्रत्येकाजवळ किमान तीन लिटर पाणी हवं. दुपारी बारा ते चार सावलीत गाठी शिकवाव्यात, नकाशा आणि होकायंत्र शिकवावं. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच आणि बोलाईन या तीन गाठी न बघता बांधता आल्या तरी चार दिवस सार्थकी लागले. ज्या शिबिराच्या वेळापत्रकात दुपारी दोन वाजता गडावर चढाई लिहिली आहे, त्याचा फॉर्म भरू नका.

आग्या मोहोळ हा दुसरा धोका. अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात आणि कड्यावर दोरीला लटकलेल्या मुलाला पळता येत नाही. म्हणून दोर लावण्याआधी प्रशिक्षकाने कातळ दुर्बिणीने तपासायला हवा. सापाचं म्हणाल तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी जाती आपल्याकडे आहेत. आयोजकाला विचारायचं ते ‘साप आहेत का’ असं नाही. प्रतिसर्पविष असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं आणि रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे विचारायचं. उत्तर अडखळत आलं तर समजून जा.

यूथ हॉस्टेल्सचा ट्रेक

सर पास साधारण 13,800 फूट. कसोलच्या बेस कॅम्पवर सराव-चाल आणि प्रस्तरारोहणाची ओळख होते. मग ग्रहण, पद्री, मिंग थाच, नगारू, बिस्केरी असे मुक्काम करत माणूस पार्वती खोऱ्यात उतरतो. नगारूहून पहाटे अंधारातच निघतात, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो.

दृश्यांच्या बाबतीत बाकीचे तिन्ही पर्याय इथे मागे पडतात. पण तंबू आधीच लावलेले, जेवण कॅम्पवर तयार, दुपारचा डबा सकाळी हातात. मुलाचं काम चालणं, स्वतःची सॅक वाहणं आणि स्वतःचं ताट धुणं एवढंच. सह्याद्रीतल्या चार दिवसांपेक्षा इथे रानात राहण्याचं कौशल्य कमी शिकून होतं, हे पालकांना पटत नाही, पण तसंच आहे. चिकाटी मात्र कमालीची वाढते. अनोळखी, वयाने मोठ्या माणसांबरोबर आठ-दहा दिवस काढण्याची सवयही लागते. साधारण पंधरा वर्षांच्या आत यात प्रवेश नसतो आणि ते योग्यच आहे.

धोका उंचीचा. 2,500 मीटरच्या पुढे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. मोठा माणूस सांगतो. मूल लपवतं, कारण त्याला मागे ठेवतील ही भीती असते. निघण्यापूर्वी घरीच बजावून ठेवा: डोकं दुखलं तर त्याच मिनिटाला लीडरला सांगायचं, आणि लक्षणं वाढत असतील तर खाली उतरणं हाच उपाय. जीन्स आणि सुती टी-शर्ट सॅकमधून काढा. ओलं सुती कापड लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं.

गिर्यारोहण संस्थेचा कोर्स

दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट) 1954 ची, उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग) 1965 ची. दोन्ही संरक्षण मंत्रालयाशी जोडलेल्या. शिस्त लष्करी: पहाटे पीटी, फॉलइन, सामानाची नोंद, उशीर केला तर शिक्षा. हार्नेस, सॅक, स्लीपिंग बॅग स्टोअरमधून मिळते आणि परत करताना मोजून घेतात.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. शाळकरी मुलांसाठी असतो तो अॅडव्हेंचर कोर्स, साधारण दोन आठवड्यांचा. त्यात कातळावरची चढाई, दोरकाम, छोटे ट्रेक असतात. निममध्ये हा सराव उत्तरकाशीजवळच्या टेखलाच्या कातळांवर होतो. बेसिक कोर्स मात्र 28 दिवसांचा, हिमनदीवरचा. सोळा-सतरा वर्षांच्या आत तो मिळत नाही. बेसिकला ‘ए’ ग्रेड मिळाली तरच पुढे अॅडव्हान्सचं दार उघडतं. म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीत घाईघाईने, तयारीशिवाय बेसिक करणं हा चुकीचा सल्ला आहे. जायच्या आधी तीन महिने पाठीवर 12 ते 15 किलो घेऊन सिंहगडासारखा चढ आठवड्यातून दोनदा चढता यायला हवा.

संस्था सरकारी आहे म्हणून धोका शून्य होत नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-2 शिखरावरच्या हिमप्रपातात निमच्या अॅडव्हान्स कोर्सचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. तो उंच शिखरावरचा कोर्स होता, शाळकरी मुलांचा नव्हे. तरीही संमतिपत्रावर सही करण्याआधी पूर्ण वाचावं.

मग कोणासाठी काय

दहा ते तेरा: क्लबचं शिबिर, तेही शक्यतो दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीतलं. तेच प्रशिक्षक, तीच जागा, शिवाय पाणी असतं आणि ऊन मारत नाही. चौदा-पंधरा: आधी एकदा क्लबचं शिबिर झालं असेल तर संस्थेचा अॅडव्हेंचर कोर्स, प्रवेशाचं वय प्रत्येक संस्थेच्या पत्रकात तपासा. पंधरा-सोळाचं मूल चालायला तयार आहे पण शिस्तीला कंटाळतं, तर सर पास. मोबाइलशिवाय राहता येत नाही ही तक्रार असेल, तर कोणताही ट्रेक त्यावर औषध नाही. ट्रेकवर रेंज नसते आणि परत आल्यावर असते.

सह्याद्रीतल्या आयोजकाकडे पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का, हे विचारा; 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने ती आणली. दहा मुलांमागे किमान एक प्रशिक्षक, मुली असतील तर मुक्कामाला स्त्री प्रशिक्षक, आणि रॅपलिंगला मुख्य दोराशिवाय वरून धरलेला वेगळा सुरक्षादोर, या तीन बाबतींत तडजोड नको. लांब केस बांधलेले आणि टी-शर्ट आत खोचलेला हवा, नाहीतर ते डिसेंडरमध्ये (उतरताना दोरावरचा वेग आवरणाऱ्या उपकरणात) अडकतात आणि मूल अधांतरी लटकून राहतं.

वेळेचं गणितही बघा. संस्थांच्या मेमधल्या जागा कित्येक महिने आधी भरतात. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, त्यामुळे प्रवेश पक्का झाल्यावरही तिकिटासाठी त्या दिवशी सकाळी आठला बसावं लागतं. पुण्या-मुंबईहून कसोल किंवा उत्तरकाशीला जाण्यायेण्यात प्रत्येकी दोन दिवस धरा, आणि बूट नवे घेतले असतील तर निघण्याआधी त्यात किमान 40-50 किलोमीटर चालणं होऊ द्या.