रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तांब्याचा लूप: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

लूप, म्हणजे पीसी थंड ठेवायला त्यात पाणी फिरवणारी नळ्यांची बंद साखळी, भरला तो गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर. आता मे सरत आलाय. घर मांडवीच्या किनाऱ्यापासून चालत जाण्याइतकं जवळ, त्यामुळे खारा वारा बारा महिने. पीसीवर दिवसभर रेंडरिंग चालतं.

सीपीयू (प्रोसेसर) आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांचे ब्लॉक (चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात सोडणारे ठोकळे) निकेल प्लेटिंग केलेल्या तांब्याचे. रेडिएटर (पाण्याची उष्णता हवेत सोडणारा भाग) ३६० मिमीचा, त्याच्या फिन्स (पातळ पट्ट्या) तांब्याच्या आणि आतल्या नळ्या पितळी. नळ्या जोडणारी फिटिंग पितळेची, वर निकेल. ॲल्युमिनियम पाण्याला कुठेही लागत नाही. खरेदीच्या वेळी मी फक्त याच एका गोष्टीवर अडून बसलो होतो आणि आजही तसाच बसेन.

तांब्याचा प्रमाण विभव (दोन धातू एकत्र आले की आधी कोण झिजेल याचं माप; ज्याचा आकडा खाली तो झिजतो) +०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियमचा −१.६६. म्हणजे कागदावर तब्बल २ व्होल्टचा फरक. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण पाण्यात क्लोराइड आलं की त्या थराला भोकं पडतात. दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले नसले तरी सुटका नाही. विरघळलेलं तांबं पाण्याबरोबर फिरून ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि झीज तिथूनच सुरू होते. आपल्याकडे ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचे तुकडे बसवतात, ते झिजतात म्हणून पंखा वाचतो. तांबं आणि ॲल्युमिनियम मिसळलेल्या लूपमध्ये त्या जस्ताच्या जागी तुमचा रेडिएटर असतो.

तयार एआयओमध्ये (कारखान्यातूनच पाणी भरून येणारा कूलर) ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याची प्लेट एकत्र असतातच की, असं बरेच जण म्हणतात. असतात, पण तिथे पाण्यात गंजरोधक रसायन मोजून घातलेलं असतं आणि सगळं सीलबंद. आपण उघडतो, भरतो, वरून पाणी घालतो. तो भरवसा आपल्या लूपला लागू होत नाही.

परवा पाणी बदलताना सीपीयू ब्लॉक उघडला. केसासारख्या बारीक खाचांमध्ये निकेल अजून चकचकीत. पांढरी भुकटी नाही, हिरवट डाग नाही. पाणी आत शिरतं त्या तोंडाशी रबरी नळी कापतानाचे दोन-तीन काळे कण, बस. मालवणच्या मित्राचा ब्लॉक याच टेबलावर उघडला होता. त्याचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा. खाचांत राखाडी-पांढरा चिकट गाळ इतका दाटला होता की नखाने खरवडावा लागला. पंप ठीक, फॅन ठीक, तरी प्रोसेसर का तापतो ते तेव्हा कळलं.

पाण्याबाबत कळकळीने सांगतो: विहिरीचं नको, उकळून गाळलेलंही नको. उकळल्याने मीठ, म्हणजे क्लोराइड, जात नाही, आणि एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, म्हणजे ते आयतंच. डिस्टिल्ड पाणी, त्यात तांब्या-पितळेला चालणारं गंजरोधक आणि शेवाळरोधक. शेवाळ रोखायला काही जण पाण्यात चांदीची कॉइल टाकतात, ती मी टाकली नाही. निकेलच्या शेजारी चांदी नको वाटली.

जुलैत नळ्यांवर दव धरतं का, हे सगळे विचारतात. नाही धरत. रेडिएटरमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा नेहमी गरमच असतं, माझ्याकडे लोडवर (पीसी जोरात चालू असताना) १२ अंशांच्या आसपास. मेमध्ये पाणी ४५ ला टेकतं, पण खोलीशी असलेला फरक पहिल्या दिवसांइतकाच आहे. आतून काही साचलं असतं तर तो वाढला असता.

बाहेरून मात्र समुद्र आपलं काम करतोच. पीसीच्या केसचे (बाहेरच्या पेटीचे) लोखंडी स्क्रू तांबूस झाले, ते स्टेनलेसचे घातले. एका फिटिंगवर पान्याने निकेल खरवडलं गेलं होतं, तिथे हिरवा ठिपका आलाय. पुसून हलकं ग्रीस लावलं. फिन्सवर मीठ आणि धूळ मिळून चिवट थर धरतो, तो पावसाळ्याआधी मऊ ब्रशने आणि डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा लागतो. फिन्स काळवंडल्यात, पण थंडाव्यात फरक नाही. पैसे ॲल्युमिनियमपेक्षा बरेच जास्त गेले. बजेट कमी असेल तर ब्लॉकपासून फिटिंगपर्यंत सगळंच ॲल्युमिनियमचं घ्या, तेही चालतं. अर्धं-अर्धं घेऊ नका.