गोलायथ की सॅल्मन पिंक? मोठा टॅरँट्युला घेणाऱ्यांसाठी

ठाणे-नवी मुंबईत कोणी मोठा टॅरँट्युला, म्हणजे केसाळ कोळी, पाळायला घ्यायचं म्हणाला की गाडी शेवटी या दोघांवरच येते, गोलायथ म्हणजे ब्लोंडी, नाहीतर सॅल्मन पिंक. छोटे पाळून झालेत, आता मोठा हवाय असं धरून चालतो. मी दोन्ही पाळल्यात, ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात.

आकाराचं आधी संपवू. ब्लोंडी वजनाला भारी, चांगली वाढलेली मादी दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते, पायांचा पसारा 28 सेंमीपर्यंत. पण सॅल्मन पिंकची मादीपण 25च्या आसपास जाते आणि घरी येणाऱ्यांना दोघींसमोर सारखाच घाम फुटतो.

माझा निर्णय झाला तो चिलटांवरून. लोक म्हणतात आपल्याकडे पावसाळ्यात हवाच एवढी दमट, ब्लोंडी मजेत राहील. ऐकायला पटतं. पण ती गयाना, सुरीनाम, व्हेनेझुएलाकडच्या पावसाळी जंगलातली, बिळात राहणारी, तिला माती बारा महिने ओली लागते, कोरडी पडली तर कात टाकताना अडकायची भीती. म्हणजे मे महिन्यात तुम्ही पाणी ओतत राहणार आणि जुलैत डब्यातलं तेच कोकोपीट (माती म्हणून घातलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळायचं नावच घेत नाही, त्यात तिनं टाकलेला झुरळाचा एखादा तुकडा राहिला की सडतो आणि चिलटं येतात. केळ्यावर बसतात ती नव्हे, ही काचेवर तुरुतुरु पळतात, थांबतात, परत पळतात. डब्याच्या नेहमीच्या जाळीतून आरामात ये-जा करतात. आमच्याकडे आई कणीक मळताना परातीवर ताट झाकून ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. घरच्यांचा वैताग एकवेळ सोडा, त्या चिलटांच्या अळ्या जखमी किंवा अशक्त टॅरँट्युलाला पोखरून काढू शकतात. बारीक जाळी लावली तर हवा कोंडून बुरशी, हवा खेळती ठेवली तर चिलटं, असं पूर्ण पावसाळाभर.

सॅल्मन पिंक ब्राझीलच्या ईशान्येकडची, पराइबा भागातली, तिला कोरडेपणा बराच चालतो. पाण्याची वाटी भरलेली ठेवायची, एक कोपरा ओला करायचा, बस. उरलेलं खाणं वाळून खडखडीत होतं, लांब चिमट्यानं उचललं की काम झालं. तिच्याकडे चिलटं फिरकलीच नाहीत असं नाही, पण टिकली नाहीत.

केसांचं म्हणाल तर दोघीही पोटावरचे केस उडवतात, ते लागले की खाज सुटते, पिंक साधी आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती खायलाही इतकी झडप घालते की चिमटाच धरून ठेवते. तरी मला ब्लोंडीची खाज जास्त जाचली, कदाचित माझी कातडीच तशी असेल. ब्लोंडी कात टाकण्याआधी जाळ्याची चटई विणते आणि त्यात केस पेरते, ती काढायची तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, ग्लोव्हज आणि गॉगल पाहिजेच. हातात तर दोघींनाही घेऊ नका, एवढ्या जड जीवाचं पोट थोड्या उंचीवरून पडूनही फुटतं.

आता ब्लोंडीच्या बाजूनंही बोलायला हवं. ती बिळातून हळूहळू बाहेर येते ना, आधी दोन पाय, मग ते तपकिरी धूड, तो नजारा पिंक देत नाही. आणि चिडली की पायांवरचे केस एकमेकांवर घासून फुस्स आवाज काढते, खोलीभर ऐकू येतो. वेगळी खोली असेल आणि रोज लक्ष द्यायला वेळ असेल तर नक्की पाळा. माझी आता खारघरच्या मित्राकडे आहे, त्याच्याकडे तेवढी जागा आहे.

कुठलीही घेतलीत तरी सोसायटीचं पेस्ट कंट्रोल आणि महापालिकेची धुराची फवारणी यांच्याकडे लक्ष ठेवा, त्या दिवशी खिडक्या बंद आणि शक्य असेल तर डबा दुसऱ्या घरी. मच्छरचं लिक्विड मशीन त्या खोलीत नकोच. गटारातली झुरळं खायला घालू नका, औषध मारलेली असतात. आणि येऊरहून कोळी उचलून आणायचा विचारसुद्धा नको, ते नॅशनल पार्क आहे, सरळ गुन्हा होतो.

टू बीएचकेत घरच्यांसोबत राहणाऱ्यानं माझ्या मते सॅल्मन पिंकचं पिल्लू घ्यावं. अंड्यांच्या एका पिशवीतून हजाराच्या वर पिल्लं निघू शकतात त्यामुळे ब्रीडरकडे जन्मलेलं मिळणं सोपं, आणि वाढतं इतकं भराभर की तीन-चार वर्षांत मोठा डबा शोधायला लागतो. ब्लोंडी घेताना मात्र जंगलातून पकडलेली नाही ना हे आधी खोदून विचारा.