पेटी शिकू का जादू? भाच्याचा सवाल

भाचा बारावीत हाय, म्हणते मामा पेटी शिकू का जादू, लोकाईनं आपल्याले कलाकार म्हटलं पाहिजे फक्त.

खर्चाचं पाहिलं तं पेटीले हजारोनं पैसे लागते, पण भजनी मंडळाची पेटी सरावाले फुकट भेटते. जादूले पत्ते अन् दोरी, झालं.

खरा फरक मेहनतीत हाय. जादूचा एखादा खेळ आठ दिवसात बसते, पण त्याच गावात दुसऱ्यांदा केला की पोट्टे हातच पकडते. भजनाचं उलटं, लोकाले ओळखीचंच पाहिजे, शंभरदा वाजवा. कागद पाहिजे तं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा हायेत, प्रारंभिक पासून विशारद पूर्ण पर्यंत सात, पण आमच्याकडं सर्टिफिकेट कोण पाहते बापा, गाणाऱ्यानं मधातच पट्टी बदलली अन् तुयी बोटं बरोबर गेली तं तू वाजवणारा. तुकडोजी महाराजांनी तं खंजिरीवर गावंच्या गावं बसवून ठेवली.

जादूगार कोणीबी म्हणवून घ्या, फक्त हातचलाखी हाय हे कबूल करा, चमत्कार म्हणून पैसे उकळले तं 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा हाय.

कामाचं म्हणशीन तं चांगल्या वाजवणाऱ्याले दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याकडं झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात जागा भेटू शकते, जादूवाल्याले शाळेचं गॅदरिंग नाहीतं वाढदिवस.

चौघात बसून वाजवाची हौस असन तं पेटी, एकट्यानं बोलून गर्दी धरता येत असन तं जादू. आमचा भाचा पाहुणे आले की आत पळते, त्याले मी पेटीच सांगतली.