शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने वापरलेली बिनचवीची व्हे पावडर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझी वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. यात पोटाचा पाऊण भागाहून जास्त काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. तेव्हा वजन ११८ किलो होते, आज ८५ आहे. तेव्हापासून बिनचवीचे व्हे आयसोलेट, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेली जवळजवळ निव्वळ प्रथिनांची पावडर, घेतोय. काही डबे संपले, आता नवा चालू आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण फरक पडला तो पावडरीच्या जातीने आणि ती वापरण्याच्या रीतीने. तेच सविस्तर लिहितो.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिवसाला ७० ग्रॅम प्रथिनांचे लक्ष्य दिले होते. बहुतेकांना ६० ते ८० च्या दरम्यानच सांगतात. पहिले दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे गाळलेले-वाटलेले, पाचव्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत मऊ, असा माझा कागद होता. प्रत्येक रुग्णालयाचा कागद थोडा वेगळा असतो, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचाच पाळा.

कागदावर हे सोपे दिसते. घरी आल्यावर कळते की खरा प्रश्न भुकेचा नाही, जागेचा आहे. चार-पाच चमचे खाल्ले की छातीखाली गच्च होते. त्या चार-पाच चमच्यांत काय घालायचे, एवढाच हिशेब दिवसभर चालतो.

गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरात आजारी माणसासाठी एकच उपाय, उकड्या तांदळाची पेज. तिसऱ्या आठवड्यात आई रोज सकाळी पेज वाटून, गाळून, कोमट करून समोर ठेवायची. "बाबू, पेजेशिवाय अंगात बळ यायचे कसे रे?" ती विचारायची, आणि तिच्या डोळ्यांत काळजी दिसायची म्हणून मी वाटी बाजूला सारू शकत नव्हतो. पण वाटीभर पेजेत प्रथिने जेमतेम दोन-तीन ग्रॅम. पेजेने पोट भरले की दुपारपर्यंत दुसरे काही आत जात नसे. त्या आठवड्यात मी दिवसाला ३० ग्रॅमही गाठत नव्हतो. जिना चढताना पाय थरथरायचे, माझ्या दुकानात तासभर उभे राहिलो की घाम फुटायचा.

मग घाईघाईत पावडर आणली आणि तिथे पहिली चूक केली. मडगावच्या एका दुकानात प्रोटीनचा डबा मागितला, त्याने मोठा स्वस्त डबा पुढे केला. तो होता वजन वाढवण्यासाठीचा. चॉकलेटची चव, एका मोठ्या चमच्यात प्रथिने थोडी आणि गोड पिठेच फार. प्यायल्यावर अर्ध्या तासात छाती धडधडली, हात गार पडले, गरगरले. साखर एकदम लहान आतड्यात उतरली की असे होते. पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांना जास्त, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकते, हे नंतर बाईंनी समजावले. डबा घेताना समोरची चित्रे पाहू नका, मागचा तक्ता वाचा. डब्यातल्या ३० ग्रॅमच्या मापाच्या चमच्यात २४-२५ ग्रॅम प्रथिने असली पाहिजेत आणि साखर नगण्य. दुधाने पोट बिघडत असेल तर आयसोलेटच घ्या, त्यात लॅक्टोज फार कमी असते. कोलॅजनची पावडरही पुष्कळ ठिकाणी प्रोटीन म्हणून विकतात. तिच्यात शरीराला लागणारी सगळी अमिनो आम्ले नसतात, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये.

बिनचवीची पावडर आली आणि घरातला तिढा सुटला. आईची पेज तशीच राहिली, फक्त कोमट झाल्यावर त्यात मापाचा अर्धा चमचा पावडर. तीच वाटीभर पेज आता १४-१५ ग्रॅमची झाली. इथे एक गोष्ट शिकायला मला चार दिवस लागले. कढत पेजेत पावडर टाकली तर गोळ्या होतात, अंड्याचा बलक शिजावा तसे प्रोटीन शिजते. आधी दोन चमचे थंड पाण्यात पावडर सरबरीत कालवून घ्यायची आणि बोट बुडवता येईल इतक्या कोमट पेजेत ती ओतायची. कुळथाच्या पिठीतही अशीच चालते. कुळथात मुळात प्रथिने चांगली आहेत, त्यामुळे पिठी आणि पावडर ही माझी फेब्रुवारीतली सर्वांत आवडती जोडी ठरली. आई आता स्वतःच कालवते.

चवीबद्दल खरे सांगायचे तर बिनचवीची म्हणजे अगदी बिनचवीची नाही. दुधाच्या भुकटीसारखा एक वास राहतो. पिठीत आणि डाळीच्या पाण्यात तो कळत नाही, नारळपाण्यात लगेच कळतो. शेकर वापरला की त्याच मिनिटाला धुवायचा. दुकानात एकदा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला, झाकणाचा वास पुढे गेलाच नाही.

मऊ खाण्याचा टप्पा आला तो फेब्रुवारीच्या मध्यावर, आणि इथे गोव्यात राहण्याचा मला खरा फायदा झाला. मासळी बाजारात मुडदुशे हे मासे मिळायचे. त्यांचे मांस इतके मऊ की वाफवून काटे काढले की बोटांनी कुस्करता येते. हळद, मीठ, थोडे आले, बस. ५० ग्रॅम मांसात साधारण १० ग्रॅम प्रथिने पोटात जातात आणि जडपणा अजिबात नाही. इसवण (सुरमई) चांगला, पण घट्ट, तो मला दहाव्या आठवड्यानंतरच जमला. ओला बोंबील मऊ म्हणून आणला होता, पण त्यात पाणीच फार, जागा जाते आणि प्रथिने कमी मिळतात. नारळाचा रस घातलेले हुमण (माशाची आमटी) बायकोने पातळ करून दिले, ते चमचा-दोन चमचे चवीपुरते ठीक. सोलकढीचेही तेच, चव मिळते, प्रथिने नाहीत.

अंड्याचे म्हणाल तर उकडलेले मला रबरासारखे अडकायचे. थोडे दूध घालून मंद आचेवर ढवळलेले, ओलसर असतानाच उतरवलेले अंडे सरळ गेले. दह्याचा चक्का, घरचे ताजे पनीर, गाळलेली मूगडाळ, पुढे आळसांदे (चवळीसारखे कडधान्य) शिजवून कुस्करून. ताटात पहिला घास प्रथिनांचा, भाजी नंतर, भात सर्वांत शेवटी आणि तोही जागा उरली तर. पाणी जेवणाआधी अर्धा तास बंद आणि जेवणानंतर अर्धा तास बंद, मधल्या वेळात घोट घोट. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे फार अवघड गेले. पाणी कमी पडले की पावडरीने पोट साफ होत नाही, म्हणून दीड लिटर पूर्ण करण्यावर मी हट्टाने राहिलो. काजूच्या हंगामात मित्र हुर्राक (काजूची दारू) घेऊन बसले, मी हात लावला नाही. या शस्त्रक्रियेनंतर दारू फार लवकर चढते आणि मला तो धोका पत्करायचा नव्हता.

सहाव्या आठवड्यातला एक प्रसंग सांगतो, कारण असे होईल हे मला कोणी सांगितले नव्हते. सकाळी दारात पोदेर (पाववाला) आला, घरात गरम पावाचा वास पसरला. मी फक्त अर्धा पाव खाल्ला, तोही दुकान उघडायच्या घाईत. दहा मिनिटांत घशापासून छातीपर्यंत दगड बसल्यासारखे झाले, तोंडात फेस येत राहिला आणि शेवटी उलटीने सुटका झाली. पाव आत जाऊन फुगतो आणि त्याचा गोळा होतो. त्यानंतर चार महिने पाव घेतला नाही. आजही फक्त कडक भाजलेल्या उंड्याचा (गोल पावाचा) तुकडा, वीस-पंचवीस वेळा चावून.

चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळू लागले तेव्हा मी घाबरलो. पुष्कळांना तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात असे होते आणि बहुधा थांबते, पण प्रथिने आणि लोह कमी असेल तर ते वाढते. रक्त तपासले, प्रथिने ठीक होती, लोह आणि बी-१२ कमी निघाले. कॅल्शियमची गोळी सायट्रेटची घ्यायला सांगितली, कारण पोटातले आम्ल कमी झालेले असते. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवतो. पावडर घेतो म्हणून या गोळ्या सोडता येत नाहीत, हे कृपया लक्षात ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर सुरूच करू नये.

पावडरीची खरी परीक्षा पावसात झाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. जी थोडी मासळी बाजारात येते तिचे भाव परवडत नाहीत, आणि बंदी संपते तोवर श्रावण आलेला किंवा जवळ आलेला असतो, तेव्हा आमच्याकडे मासे बंदच. एप्रिलमध्ये मी पावडर दिवसाला अर्ध्या चमच्यावर आणली होती, ती पुन्हा दीड चमच्यावर गेली. सकाळी पिठीत अर्धा, दुपारी ताकात अर्धा, संध्याकाळी दुधात अर्धा. तेवढ्यानेच ३६ ग्रॅम झाले, बाकीचे अंडी, पनीर आणि डाळीने भरून काढले. चवथीला (गणेशचतुर्थीला) आईने नेवऱ्या (करंज्या) केल्या, मी एकीचा तुकडा घेतला आणि आधी चक्का खाल्ला.

तक्रार आहे ती साठवणुकीची. आपल्याकडच्या दमट हवेत एका डब्यातली पावडर जुलैत कडेने दगडासारखी झाली, तळची पावभर फेकावी लागली. साडेतीन हजारांच्या डब्याचे असे होताना जीव तुटतो. आता डब्यातली पिशवी उघडली की अर्धी पावडर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढतो, आतला चमचा कोरडाच ठेवतो आणि उरलेली पिशवी चिकटवून फडताळात. यावेळचा डबा किलोऐवजी अर्ध्या किलोचा आणलाय. भाव किलोमागे थोडा जास्त पडला, पण मासळी पुन्हा सुरू झाल्याने रोज अर्धाच चमचा लागतो, आणि हा वाया जाण्याआधी संपेल.