पाथफाइंडर प्लेअर कोअर: लांबच्या बाणाचा हिशेब जमलाय, जवळच्याचा नाही

पाथफाइंडर या टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग गेमचं प्लेअर कोअर हे नियमांचं पुस्तक टेबलावर आलं तेव्हा बाकी सगळे जादूच्या प्रकरणावर तुटून पडले, मी शस्त्रांचा तक्ता काढला. कॉलेजात असताना मी इथे साताऱ्यात रिकर्व्ह धनुष्य चालवायचे. जिल्ह्यापुढे काही गेले नाही, पण सत्तर मीटरवरचं टार्गेट डोळ्यांत कायमचं बसलंय. १२२ सेंटिमीटरचा कागद, त्यात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटरचं, आणि बाण सुटल्यापासून लागेपर्यंत सेकंदाहून जास्त वेळ. तेवढ्यात वारा फिरला तर आपण नुसतं बघत उभं राहायचं. म्हणून कुठल्याही गेममध्ये धनुष्य दिसलं की माझा पहिला प्रश्न हाच: लांबून मारलं तर किती कापता?

आमचा अड्डा शाहूपुरीत, बहिणीच्या घरी. भाचा डीएम (म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा), त्याचे तिघं मित्र आणि मी, सगळ्यांचीच मावशी. आतापर्यंत आम्ही याच जातीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सची फिफ्थ एडिशन खेळत होतो, २०१४ चं पुस्तक. त्यात लाँगबोपुढे, म्हणजे मोठ्या धनुष्यापुढे, दोन आकडे असतात, १५० आणि ६००. दीडशे फुटांपर्यंत काहीच कापत नाहीत. त्यापुढे सहाशेपर्यंत डिसअॅडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि कमी पडलेला आकडा धरायचा. सहाशेच्या पुढे बाण जातच नाही. नियम संपला. शिकवायला दोन मिनिटं लागतात, हे त्याचं मोठेपण, आणि ते मी नाकारत नाही.

पण दीडशे फूट म्हणजे साधारण ४६ मीटर. २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जागतिक विजेती झालेली आपली अदिती स्वामी कंपाउंड धनुष्याने ५० मीटरवर मारते. म्हणजे तिचं रोजच्या सरावाचं अंतर या पुस्तकाच्या लेखी लांब पल्ल्याचं, आणि तिथून साडेचार मीटर पुढे सरकली की शिक्षा शून्य! सहा मीटर आणि पंचेचाळीस मीटर सारखेच, आणि सत्तेचाळीस मीटर आणि एकशे ऐंशी मीटरही सारखेच. मधल्या त्या एका रेषेवर मात्र कडेलोट. फाशावर ११ किंवा जास्त हवे असतील तर लागण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून थेट २५ वर येते. १६ हवे असतील तर २५ वरून सव्वासहावर.

आता खरी गंमत. आमची बॅटल मॅट, म्हणजे लढाई मांडायची चौकोन आखलेली चटई, २४ बाय ३० इंचांची. एक इंच म्हणजे पाच फूट. लांबीच्या एका टोकाच्या चौकोनातून दुसऱ्या टोकाच्या चौकोनात मारलं तरी अंतर भरतं १४५ फूट. म्हणजे लाँगबोवाल्याला या मॅटवर अंतराचा दंड कधी बसूच शकत नाही. सहाशे फूट मांडायचे तर दहा फूट लांबीचं टेबल हवं, तेवढा बहिणीचा हॉल नाही. तिकडे प्रत्यक्षात चावणारा नियम एकच: शत्रू पाच फुटांवर येऊन उभा राहिला की डिसअॅडव्हांटेज. तो बरोबर आहे, माझी तक्रार नाही.

धुक्याचं प्रकरण तर विचारूच नका. भाच्याने कासच्या पठारासारखी जागा मांडली होती, धो धो धुकं. लक्ष्य दिसत नाही म्हणून डिसअॅडव्हांटेज, आपणही त्याला दिसत नाही म्हणून अॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा), अंतर चारशे फूट म्हणून आणखी एक डिसअॅडव्हांटेज. नियम म्हणतो, दोन्ही बाजूंचं एकेक जरी असलं तरी सगळं एकमेकांत खलास, साधा एकच फासा टाका. म्हणजे लख्ख उन्हापेक्षा धुक्यात लांबचा नेम चांगला लागतो! एका पोराने विचारलं, "मावशी, असं खरंच असतं व्हय?" मी पाणी प्यायला उठले. वर शार्पशूटर नावाचं फीट, म्हणजे पात्राला मिळणारं खास कसब, घेतलं की लांब पल्ल्याचा दंड पूर्णच जातो. होता नव्हता तो नियमही गेला.

पाथफाइंडर सेकंड एडिशनचं हे प्लेअर कोअर २०२३ च्या शेवटी आलेलं सुधारित पुस्तक. यात लाँगबोपुढे एकच आकडा आहे, १००. पहिल्या शंभर फुटांत काही नाही, दुसऱ्या शंभरात फाशाच्या आकड्यातून वजा दोन, तिसऱ्यात वजा चार, असं सहाव्या टप्प्यापर्यंत. माझे सत्तर मीटर म्हणजे सुमारे २३० फूट, वजा चार. अदितीचे पन्नास, वजा दोन. मला हे पटतं. आणि शंभर फूट म्हणजे मॅटवर वीस चौकोन, त्यामुळे शेवटच्या नऊ इंचांत दंड खरोखर लागतो. पहिल्याच लढाईत भाच्याचा बुरुजावरचा पहारेकरी एकविसाव्या चौकोनात होता. पुढे सरकावं की इथूनच मारावं यावर आमची चांगली हुज्जत झाली. फिफ्थ एडिशनमध्ये अशी हुज्जत आमच्याकडे कधी झालीच नव्हती.

पाथफाइंडरमध्ये समोरच्याच्या एसीपेक्षा (म्हणजे त्याला लागायला जो आकडा गाठावा लागतो त्यापेक्षा) दहा जास्त पडले की क्रिटिकल, म्हणजे दुप्पट इजा, त्यामुळे वजा दोन नुसता नेम नाही, क्रिटिकलही खातो. रेंजर या शिकारी पात्राचं हंट प्रे हे कसब वापरलं तर ठरवलेल्या शिकारीपुरता फक्त दुसऱ्या टप्प्याचा दंड माफ. सवलत अशी एका पायरीची असावी, शार्पशूटरसारखी सरसकट कर्जमाफी नको.

आता जे खटकतं ते. लाँगबोला व्हॉली नावाचा गुण आहे: ३० फुटांच्या आत मारलं तर वजा दोन. तीस फूट म्हणजे नऊ मीटर! नवशिक्या पोरांना आम्ही पहिल्या आठवड्यात साधारण तिथेच उभं करतो, कारण तिथे चुकणं अवघड. नऊ मीटरवर मोठं धनुष्य जड जातं हे कुठल्याही तिरंदाजाला सांगून बघा. कारण मला कळतं, शॉर्टबो, म्हणजे छोटं धनुष्य, कुणीतरी घ्यावा म्हणून केलेली ही सोय आहे. त्याचा टप्पा ६० फुटांचा आणि व्हॉली नाही. गेम म्हणून चालतं, तिरंदाजी म्हणून नाही.

दुसरं, बेरजा. त्याच पाळीत दुसरा हल्ला वजा पाच, तिसरा वजा दहा, त्यात अंतराचे वजा दोन, आडोशाचं वेगळं. रात्री दहानंतर पोरांची डोकी चालत नाहीत. तरी गर्प्स नावाच्या तिसऱ्या गेमपेक्षा बरं. तिथे १० यार्डांना वजा चार आणि १०० यार्डांना वजा दहा, अंतर दहापट झालं की सहा कमी, असा तक्ता आहे. मला स्वतःला तोच सगळ्यात खरा वाटतो, पण दर बाणाला तक्ता उघडायला आमच्यात कुणी तयार नाही.

पाचपैकी चार. अर्धा व्हॉलीचा कापला, अर्धा बेरजांचा. विकत घेण्याआधी एक करा: आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर सगळे नियम अधिकृतपणे फुकट आहेत, तिथे शस्त्रांचा तक्ता बघून एक लढाई खेळा. मॅट आमच्यापेक्षा लहान असेल तर लाँगबो घेऊ नका. वीस चौकोनांचा फायदा मिळणार नाही आणि सहा चौकोनांच्या आतला दंड मात्र दर पाळीला भरावा लागेल.