अण्णांच्या अँजिओची सीडी घेऊन सेकंड ओपिनियनला गेलो त्याचा रिव्ह्यू (४ स्टार, एक पार्किंगसाठी कापला)

आधीच सांगतो, डॉक्टरांचं नि हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये. पुण्यातलं आहे एवढं पुरे. मी निघताना विचारलं होतं की सर चांगला रिव्ह्यू टाकू का, तर म्हणाले टाका पण नाव नको, आत्ताच लोक अडीच तास बसतात बाहेर.

तर झालं असं की अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६७, एसटीत ड्रायव्हर म्हणून ३१ वर्षं काढलेली, तब्येतीची कधी कुरकुर नाही. चारेक महिने चढ चढताना छातीत जड व्हायचं, दोन मिनिटं थांबलं की बरं वाटायचं, आणि आम्हाला सांगितलंच नाही, ॲसिडिटी म्हणून जेलुसिल पीत होते. मग गावाकडच्या एका हॉस्पिटलात टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हार्ट तपासतात ती) झाली, ती पॉझिटिव्ह म्हणजे गडबड दिसली, लगेच अँजिओग्राफी, म्हणजे हार्टच्या नळ्यांचं शूटिंग. आणि इथं खरा घोळ. अण्णा आत टेबलावर, आणि एकजण बाहेर येऊन म्हणतो ८० टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच स्प्रिंग (म्हणजे स्टेंट, नळी उघडी ठेवायची बारीक जाळी) टाकून घेऊ, सही करा, नंतर परत टोचायला नको. ताई रडायला लागली, दाजी म्हणाले टाकून टाका ना कशाला रिस्क, आणि मला काही सुचेना. शेवटी मी एकच विचारलं, आज नाही टाकली तर आज काही होईल का. तो माणूस जरा थांबला आणि म्हणाला तसं नाही. मग म्हटलं सीडी द्या. सीडी द्यायला पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावलं, असो.

आता पुण्याची ओपीडी. फी १२०० रुपये, अपॉइंटमेंट ११ ची, आत घेतलं दीड वाजता. पार्किंग नाहीच, मी गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून अण्णांना चालवत आणलं, छातीत दुखणाऱ्या पेशंटच्या ओपीडीला हा काय प्रकार आहे. कॅन्टीनचा चहा बरा. बाकडी लोखंडी.

पण आत गेल्यावर डॉक्टरांनी ३५ मिनिटं दिली. घड्याळ बघून सांगतोय. आधी सीडी स्वतः दोनदा चालवून बघितली, फक्त रिपोर्ट वाचून नाही. उजव्या नळीत ८० टक्के, एलएडीत (डावीकडून पुढे येणारी मोठी नळी) ४०, लेफ्ट मेन (डावीकडची मुख्य नळी) स्वच्छ, इकोवर (हार्टची सोनोग्राफी) पंपिंग ६० टक्के, म्हणजे चांगलं. मग अण्णांना (मला नाही, अण्णांना, हे मला फार आवडलं) विचारलं, काका तुम्हाला काय पाहिजे, जास्त जगायचंय का चढ चढायचाय? अण्णा म्हणाले दोन्ही. डॉक्टर हसले आणि म्हणाले मग दोन्हीची उत्तरं वेगवेगळी आहेत, नीट ऐका.

त्यांनी सांगितलं ते जसं समजलं तसं लिहितो. आपल्याला वाटतं हार्टची नळी म्हणजे घरातला पाइप, कचरा अडकला की साफ केला की झालं. तसं नसतं म्हणे. चरबी नळीच्या भिंतीतच साठते, पुटकुळीसारखी, आणि ती फुटली की त्यावर रक्त गोठतं आणि नळी बंद पडते, तो अटॅक. आणि फुटणारी पुटकुळी ८० टक्केवालीच असेल असं नाही, बऱ्याचदा ४० टक्केवाली फुटते. स्प्रिंग एका जागेची, इंचभराची, गोळ्या मात्र सगळ्या नळ्यांना लागू. अण्णांना हे पटकन कळलं, म्हणाले म्हंजे एक टायर बदलून भागत नाही, रस्ताच खराब हाय.

मग त्यांनी इस्केमिया नावाच्या ट्रायलचा (म्हणजे पेशंटवर केलेल्या मोठ्या अभ्यासाचा) कागदच पुढे ठेवला. ३७ देश, ५१७९ पेशंट, त्यात भारतातले पण होते. बहुतेक असेच, छातीत दुखणारे पण नुकता अटॅक न आलेले, टेस्टमध्ये बऱ्यापैकी गडबड दिसलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्म्यांची लगेच अँजिओग्राफी आणि जमेल तिथं स्प्रिंग किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त तगडी औषधं. सरासरी तीन वर्षांहून जास्त मागे लागून बघितलं. अटॅक, हार्टनं मृत्यू, हार्ट फेल वगैरे सगळं धरून पहिल्या गटात ३१८ जणांना त्रास झाला, दुसऱ्यात ३५२, आणि हा फरक खात्रीनं फरक म्हणावा एवढा नाही. मृत्यू जवळजवळ सारखेच. हे २०१९ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं, म्हणजे काल परवाचं नाही. त्याच्या आधी २००७ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या करेज नावाच्या २२८७ पेशंटच्या ट्रायलचा निकाल आला होता, त्यानं पण साधारण हेच सांगितलं होतं. मी मनात म्हटलं मग आम्हाला टेबलावर सही का मागत होते. विचारलं पण. डॉक्टर म्हणाले त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही, तुमच्या सीडीबद्दल बोलतो. ठीक आहे.

सगळ्यात भारी गोष्ट ऑर्बिटाची. लंडनच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये छापलेला अभ्यास, २०० पेशंट, सगळ्यांना कॅथ लॅबमध्ये (अँजिओ करतात त्या खोलीत) नेलं, कानाला हेडफोन लावून गाणी, वर झोपेचं औषध, आणि निम्म्यांना स्प्रिंग टाकली, निम्म्यांना टाकल्याचं फक्त नाटक! पेशंटला माहीत नाही, नंतर तपासणाऱ्याला पण माहीत नाही. अर्थात सगळ्यांनी आधी लेखी होकार दिलेला. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर पळवलं तर स्प्रिंगवाले साधारण २८ सेकंद जास्त चालले आणि नाटकवाले १२. फरक १६ सेकंद. अण्णा म्हणाले ह्यो तर गंडवायचा धंदा झाला. डॉक्टर म्हणाले नाही काका, आपण किती मनानं बरे होतो हे कळायला दुसरा रस्ता नाही. मग लगेच दुसरी बाजू पण सांगितली, की त्या पेशंटांना औषधं भरपूर चालू होती, आणि २०२३ मध्ये त्याच लोकांनी ऑर्बिटा-२ केली, छातीदुखीच्या गोळ्या बंद ठेवून, ३०१ पेशंटवर, त्यात मात्र स्प्रिंगनं दुखणं खरोखर कमी झालं. म्हणजे स्प्रिंग खोटी नाही, ती दुखण्यावर चालते, आयुष्य वाढवायला म्हणून अण्णांसारख्याला टाकू नये एवढंच.

इथं एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली म्हणून मी पण लिहितो. हे सगळं नुकता अटॅक न आलेल्या, दुखणं न वाढलेल्या पेशंटचं. अटॅक चालू असेल, घाम फुटून छाती दाबल्यासारखी होत असेल, बसल्या जागी दुखत असेल, तर तिथं सेकंड ओपिनियन नाही, गाडी काढायची आणि हॉस्पिटल, तिथं नळी उघडायचा फुगा नि स्प्रिंग जीव वाचवते. लेफ्ट मेनमध्ये ब्लॉकेज असेल किंवा पंपिंग फार कमी असेल तरी हिशोब वेगळा, असे पेशंट त्या ट्रायलमध्ये घेतलेच नव्हते. व्हॉट्सॲपवर काका मंडळी "स्टेंट म्हणजे लूट" फॉरवर्ड करतात त्यांनी हा परिच्छेद पण करावा.

औषधं दिली: रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची, ठोके कमी करायची, आणि जिभेखालची गोळी खिशात. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३२ होतं ते ७० च्या खाली आणायचं. तंबाखूची मशेरी बंद, यावरून घरी जे महाभारत झालं ते इथं नको.

आता पुढचं ऐका, कारण इथं थांबलो असतो तर रिव्ह्यू अर्धवट झाला असता. चार महिन्यांनी एलडीएल ६४, वजन ५ किलो कमी, पण मळ्याकडचा चढ चढताना अजून दुखायचं. आधीपेक्षा कमी, पण दुखायचं. अण्णांचं मळ्यात जाणं बंद झालं आणि माणूस खट्टू झाला. परत ओपीडी (परत अडीच तास, परत पार्किंग नाही). डॉक्टर म्हणाले आता स्प्रिंगचा विचार करू, गोळ्या घेऊनही दुखतंय आणि दुखण्यामुळे जगणं अडतंय, हे कारण बरोबर आहे. त्या इस्केमियातही औषधवाल्या गटातल्या पाचातल्या एकाला पुढे स्प्रिंग किंवा बायपास लागलंच होतं. दाजी म्हणाले बघा मी म्हणत होतो. दाजींना आता कोण समजावणार.

पाचव्या महिन्यात मनगटातून स्प्रिंग टाकून झाली, दोन दिवसांत घरी. बिलात स्टेंटची कंपनी, बॅच नंबर, किंमत वेगळी लिहिलेली, तशी ती लिहावीच लागते, २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं किमतीला मर्यादा घातली तेव्हापासूनचा नियम आहे. त्या वेळी औषध लावलेल्या स्टेंटची मर्यादा २९,६०० ठरली होती, त्याआधी लाखाच्या वर लावायचे. तरी एकूण बिलात स्टेंट म्हणजे छोटा आकडा, बाकीच्या ओळी नीट वाचा, मला त्यात एक जास्तीची वायर सापडली, सांगितल्यावर काऊंटरवरच्या मुलीनं न भांडता काढली.

अण्णा आता मळ्यात जातात. दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, दाढी करताना जरा कापलं तरी रक्त थांबत नाही म्हणून शिव्या घालतात, मला आणि डॉक्टरांना दोघांना.

जाणाऱ्यांसाठी: अँजिओची सीडी पेन ड्राइव्हवर पण घ्या, रिसेप्शनचा कॉम्प्युटर सीडी वाचत नाही, आमचा अर्धा तास त्यातच गेला. आणि पेशंटला दारात उतरवा, मग गाडी लावायला जा.